आधीचं लग्न लपवलं असेल तर लग्न रद्द होतं, की घटस्फोटच घ्यावा लागतो?

कुतूहल: हिंदू पद्धतीचं, नोंदणी झालेलं लग्न. जोडीदाराचं आधी एक लग्न झालं होतं हे नंतर कळलं तर हे लग्न रद्द होतं का? मुदत किती? नोंदणी कार्यालयात अर्ज देऊन भागतं का?

दिवाणीवाला: अर्जाने भागत नाही. नोंदणी अधिकाऱ्याला लग्न मोडण्याचा अधिकारच नाही. हुकूमनामा (न्यायालयाचा निकाली आदेश) कौटुंबिक न्यायालयाचा लागतो, ते नसेल तिथे जिल्हा न्यायालयाचा.

आधी एक गोष्ट तपासा: तुमच्या लग्नाच्या दिवशी ते पहिलं लग्न चालू होतं की मोडलेलं? पहिला जोडीदार हयात आणि घटस्फोट झालेला नसेल, तर हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ११ खाली तुमचं लग्न मुळातच शून्य, म्हणजे कायद्याच्या नजरेत झालंच नाही. त्याला मुदत नाही. रीतसर घटस्फोट झाला होता पण लपवला, तर कलम १२, म्हणजे फसवणुकीच्या कारणावरून लग्न रद्द करून घेणं. तिथे फसवणूक उघड झाल्यापासून १ वर्षाच्या आत याचिका दाखल व्हायला हवी. हे वर्ष लग्नाच्या तारखेपासून मोजू नका.

तारीखपेतारीख: वर्षाच्या मुदतीशिवाय दुसऱ्या एका अटीवरही प्रकरणं आपटतात. खरं कळल्यावरही राजीखुशीने नवरा-बायको म्हणून एकत्र राहिलं, तर कलम १२ ची याचिका टिकत नाही. ‘बघू, सुधारेल’ म्हणून काढलेले दोन महिने उलटतपासणीत नेमके बाहेर येतात.

याचिकेत ‘फसवणूक केली’ असं मोघम लिहू नका. काय सांगितलं, कोणी, कधी. खरं कोणत्या तारखेला, कशावरून कळलं. त्यानंतर वेगळं कधीपासून, हे सगळं यायला हवं. स्थळाच्या बायोडेटात ‘अविवाहित’ लिहिलं असेल तर तो कागद सोन्यासारखा जपा. पहिल्या लग्नाच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल काढा. चॅटचे नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत, भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र जोडा.

कुतूहल: वर्ष उलटून गेलं असेल तर? आणि मूल असेल तर?

दिवाणीवाला: मग घटस्फोट, कलम १३. पण नुसती लपवाछपवी हे तिथलं कारण नाही. क्रूरता वगैरे स्वतंत्रपणे सिद्ध करावी लागते. दोघं राजी असतील तर कलम १३-ब सोपं. मुलाची काळजी नको, कलम १६ प्रमाणे ते औरसच, आईबापांच्या मालमत्तेत हक्कासह.