मालकाशी पटत नसेल तर संचालकाने काय करावे? माल्दिनी प्रकरणावरून

डावा_बचावपटू:
काल 'जवळचा_खांब' यांनी लिहिले की मालकाशी पटत नसेल तर क्लबच्या संचालकाने मुकाट्याने राजीनामा द्यावा, आणि एसी मिलान या इटलीतल्या फुटबॉल क्लबचे संचालक माल्दिनी यांनी वर्तमानपत्रात तक्रार केली तेव्हाच तिथले त्यांचे दिवस भरले. हे वाचून राहवले नाही. मे २०२२ मध्ये मिलानने ११ वर्षांनी इटलीची लीग जिंकली, माल्दिनींचा करार ३० जूनला संपत होता, आणि तरीही त्यांच्याशी बोलायला कोणी बसले नव्हते. मुलाखत दिल्यानंतर अगदी शेवटच्या दिवशी करार झाला. आत दाद लागत नसेल तर माणसाने बोलायचे कुठे?

जवळचा_खांब:
करार झाला, पण जून २०२३ मध्ये त्यांना काढले, हे आपण गाळलेत. रेडबर्ड या अमेरिकी गुंतवणूक कंपनीने १२० कोटी युरो मोजून क्लब घेतला होता. ज्याचा पैसा जातो, त्यालाच शेवटचा शब्द असावा. माल्दिनींच्या काळात सुमारे साडेतीन कोटी युरोंना आणलेल्या डी केटेलारे या खेळाडूने हंगामभर एकही गोल केला नाही, त्याचा जाब मालकाने विचारायचा नाही का?

डावा_बचावपटू:
तोच डी केटेलारे पुढच्याच हंगामात अटलांटा या दुसऱ्या इटालियन क्लबकडून खेळला आणि त्या संघाने युरोपा लीग ही युरोपातल्या क्लबांची स्पर्धा जिंकली. माल्दिनींच्याच काळात लेआओ २०१९ मध्ये मिलानमध्ये आला आणि २०२२ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. खेळाडू मुरायला वेळ लागतो, हे सामने न पाहता केवळ आकडे वाचणाऱ्यांना कळणार नाही.

जवळचा_खांब:
मी सामने पाहतो की नाही, हे आपण ठरवू नये. डी केटेलारेला पहाटेपर्यंत जागून पाहिले आहे. चेंडू पायाशी आला की तो बिचकत असे. अटलांटात तो वेगळ्या जागी खेळला, त्याचे श्रेय माल्दिनींना कसे?

हिशेबनीस_कोल्हापूर:
आपण दोघे एका खेळाडूवर अडलात, म्हणून मूळ प्रश्नाकडे येतो. आमच्या पेठेतल्या एका संघाचे हिशेब मी सहा वर्षे पाहिले. मोठ्या देणगीदाराने परगावचा एक फॉरवर्ड आणायचा हट्ट धरला. मी नको म्हणालो, पण तोंडी. हंगाम बुडाल्यावर भर बैठकीत 'हिशेबनिसांनीच पैसे सोडले' असे ऐकावे लागले, आणि माझ्या बाजूने कागदाचा एक चिटोराही नव्हता. तेव्हापासून विरोध असला की मी इतिवृत्तात दोन ओळी लिहवून घेतो आणि खाली सही मागतो.
मिलानमध्येच माल्दिनींचे सहकारी अधिकारी बोबान यांचे उदाहरण पाहा. आपल्याला अंधारात ठेवून रांगनिक या जर्मन प्रशिक्षकाशी बोलणी चालली आहेत, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले आणि मार्च २०२० मध्ये त्यांची नोकरी गेली. रांगनिक आलेच नाहीत. ज्या प्रशिक्षक पिओलींना हटवायचे घाटत होते, त्यांनीच २०२२ ची लीग जिंकून दिली. बोबान यांचा मुद्दा खरा ठरला, पण तोवर ते खुर्चीत नव्हते. म्हणून आधी लेखी नोंद करावी आणि खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा काळ सुरू होण्यापूर्वी अधिकार कोणाचा, हे करारातच ठरवून घ्यावे. मुलाखत हा सर्वांत शेवटचा उपाय आहे.

डावा_बचावपटू:
नोंद कोणी वाचलीच नाही तर? माल्दिनी गेल्यावर दोन वर्षांत मिलान आठव्या क्रमांकावर घसरला, याची नोंद मालकाच्या वहीत कोण करणार?

जवळचा_खांब:
लेखी विरोधाचा मुद्दा मला मान्य करावा लागतो. मुकाट्याने राजीनामा द्यावा, हे माझे वाक्य मी मागे घेतो. मात्र डी केटेलारेवर तेवढा पैसा घालणे चूकच होते, हे मी आजही म्हणेन.