ओपीटीचा (अमेरिकेत शिकलेल्या विषयात काम करायच्या परवानगीचा) अर्ज पुण्यात येऊन भरला तर चालेल का?

कर्वेनगर_०४
धाकट्या भावाचं अमेरिकेतलं एमएस संपत आलंय (कॉम्प्युटर सायन्स). आय-२० वर (विद्यापीठाच्या प्रवेशाच्या कागदावर) शेवटची तारीख १५ मे आहे. ३० मेला पुण्यात माझं लग्न आहे आणि त्याला जूनअखेरपर्यंत घरी राहायचंय. नोकरी अजून ठरलेली नाही. तो म्हणतो, कोर्स संपल्यावर ६० दिवस मिळतात, तेव्हा ओपीटीचा अर्ज घरूनच भरतो. ऑनलाइनच आहे तर कुठून भरला याने काय बिघडतं?

सहकारनगरकर
सगळंच बिघडतं. अर्ज भरताना विद्यार्थी अमेरिकेत हजर असावा लागतो. शिवाय ते ६० दिवस तिथे राहणाऱ्यासाठी असतात, देश सोडला की संपले. १५ मेनंतर अर्ज न करता तो विमानात बसला, तर एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर परत जायला आधार उरत नाही आणि या पदवीवरची ओपीटी हातची जाते. कृपया आजच फोन करून सांगा.

त्याच्या तारखा अशा: अर्ज १४ फेब्रुवारीपासून, म्हणजे ९० दिवस आधीपासून, भरता येतो आणि १४ जुलैच्या आत यूएससीआयएसला (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला) मिळालेला असावा लागतो. पण मुलं चुकतात ती दुसऱ्या मुदतीत. आधी डीएसओ (विद्यापीठातले परदेशी विद्यार्थ्यांचे अधिकारी) सेव्हिसमध्ये (सरकारच्या विद्यार्थी नोंदणी यंत्रणेत) ओपीटीची शिफारस करून नवीन आय-२० देतात. त्या शिफारशीपासून ३० दिवसांत आय-७६५ (ओपीटीचा अर्ज) गेलाच पाहिजे. शिफारस २ मार्चची असेल तर १ एप्रिलच्या आत. उशीर झाला तर अर्ज नामंजूर होतो आणि फीही जाते. फी ऑनलाइन ४७० डॉलर, कागदी अर्जाला ५२०.

मॉडेल_कॉलनी
फॉर्म भरताना होणाऱ्या चुका सांगते. पात्रतेच्या रकान्यात (सी)(३)(बी) निवडायचं. (ए) कोर्स चालू असतानाच्या ओपीटीसाठी आहे आणि (सी) स्टेमच्या (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) मुदतवाढीसाठी. नवीन आय-२० वर विद्यार्थ्याने स्वतः सही करून मगच स्कॅन करायचं. बिनसहीचं अपलोड केलं की चौकशीचं पत्र येतं आणि काही आठवडे फुकट जातात. व्हिसाच्या वेळी लक्ष्मी रोडवर काढलेला जुना फोटो चालवू नये, २ बाय २ इंचाचा ताजा काढावा. सीपीटी (कोर्स चालू असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम) केली असेल तर ते आय-२० सुद्धा जोडावेत. आणि पूर्णवेळ सीपीटीचे १२ महिने भरले असतील, तर त्याच पातळीच्या पदवीवर ओपीटी मिळतच नाही. हे आधी मोजा, मग बाकीचं.

कर्वेनगर_०४
म्हणजे मार्चमध्ये अर्ज केला की तो लग्नाला येऊन निवांत परत जाऊ शकतो ना?

सहकारनगरकर
इथेच खरी मेख आहे. अर्ज प्रलंबित असताना, नोकरी शोधायला परत जातोय या आधारावर जाता येतं. जवळ अर्जाची पावती आणि डीएसओची प्रवासाची सही असलेला आय-२० हवा. ही सही एरवी वर्षभर चालते, कोर्स संपल्यावर ६ महिन्यांच्या आतली लागते. पण तो पुण्यात असताना अर्ज मंजूर झाला आणि हातात नोकरी नसली, तर नियम फिरतो: मंजुरीनंतर प्रवेश करताना ईएडी कार्ड (कामाच्या परवानगीचं कार्ड) आणि नोकरीचं पत्र दोन्ही लागतं. मंजुरी कधी येईल हे आपल्या हातात नसतं, त्यामुळे ‘तोवर येणार नाही’ या भरवशावर जून काढणं मला धोक्याचं वाटतं.

म्हणून माझा सल्ला: १४ फेब्रुवारीनंतर लगेच अर्ज भरावा आणि मे महिन्याच्या आत काहीतरी नोकरी पक्की करावी. पहिल्या वर्षाच्या ओपीटीत विषयाशी संबंधित, आठवड्याला किमान २० तासांचं बिनपगारी कामही धरलं जातं, तेव्हा प्राध्यापकांच्या लॅबमध्ये विचारायला हरकत नाही. पत्र मात्र लेटरहेडवर, रुजू व्हायच्या तारखेसह घ्यावं. काहीच जमलं नाही, तर निदान केळवणाला येऊन त्याने १५ मेच्या आत परत जावं. तो प्रवास साध्या विद्यार्थ्याचा असतो. लग्न चुकेल, हे लिहितानाही जड जातंय, पण तीन वर्षांच्या कामाचा प्रश्न आहे: १२ महिने ओपीटी आणि स्टेम असल्याने वर २४.

मॉडेल_कॉलनी
ओपीटी सुरू होण्याची तारीख १६ मे ते १४ जुलैमधली निवडता येते. नोकरी पक्की होऊन तो लग्नाला येणार असेल तर जुलैतली घ्यावी. बेकारीचे ९० दिवस कार्डावरच्या तारखेपासून मोजतात आणि पुण्यात काढलेले दिवसही त्यात धरतात. १६ मे टाकली तर जूनअखेरपर्यंत ४६ दिवस गेलेच. अर्ज गेल्यावर ही तारीख बदलून मिळणं कठीण असतं.

कार्ड अमेरिकेतल्या पत्त्यावरच येतं. लेटरबॉक्सवर त्याचं नाव चिकटवलेलं असू दे, नाहीतर पोस्टमन पाकीट परत पाठवतो. तो इकडे असताना कार्ड आलं तर रूममेटने ते कुरिअरने पुण्याला पाठवायचं, कारण कार्डाचा फोटो दाखवून प्रवेश मिळत नाही.

पासपोर्टातला एफ-१ व्हिसाही आत्ताच बघा. तो संपलेला असेल तर मुंबईत बीकेसीला नव्याने मुलाखत द्यावी लागेल. ती अपॉइंटमेंट हातात नसेल तर तिकीट काढू नका.