रोजच्या वापराला स्पोर्ट्स कार : मराठवाड्यातले अनुभव सांगा

छत्रपती संभाजीनगर (धागा काढणारा)

२०१० साली आपल्या शहराने एका दमात १५० मर्सिडीज घेतल्या. तेव्हापासून इकडे महागड्या गाडीचं नवल राहिलेलं नाही. पण गाडी घ्यायची, झाकून ठेवायची आणि दसऱ्याला झेंडूचा हार घालून बाहेर काढायची, हे मला करायचं नाही. वाळूजला रोज जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर, महिन्यातून दोनदा परळीला सासुरवाडी. एवढं निभावून नेईल आणि ॲक्सिलेटर दाबला की पाठ सीटला चिकटवेल, अशी गाडी हवी. मन बीएमडब्ल्यू एम३४०आयवर आहे. सहा सिलिंडर, २०२१ ला इकडे आली तेव्हा ३८७ अश्वशक्ती. ज्यांनी अशा गाड्या रोज चालवल्यात त्यांनी लिहा. शोरूमवाल्यांचं सांगणं मला पाठ झालंय.

बीड

गाडीचं नाव लिहीत नाही, कारण दोष तिचा नव्हता. १८ इंची चाकं, २२५/४० चे टायर, म्हणजे रुंदी २२५ मिलिमीटर आणि भिंतीची उंची तिच्या ४० टक्के. म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये रबराची भिंत फक्त ९० मिलिमीटर. जानेवारीत, ऐन गाळपाच्या दिवसांत, रात्री अंबाजोगाईहून येत होतो. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. अगदी जवळ गेल्यावर दिसला. त्याला चुकवताना डावं चाक डांबराच्या कडेवरून खाली उतरलं. तिथं साइडपट्टी वीतभर खाली होती. उतरून मोबाइलच्या उजेडात पाहिलं तर टायरच्या बगलेला लिंबाएवढा फुगा. डिकीत स्टेपनी नाही, फक्त छोटा पंप आणि पंक्चरच्या औषधाची बाटली. आतले दोरे तुटलेल्या टायरला ते औषध काय करणार? पहाटे तीनला क्रेन आली. त्या मापाचा टायर गावात तीन दुकानांत मिळाला नाही. पुण्याहून यायला चार दिवस लागले.

त्यानंतर १७ इंची रिम आणि २२५/४५ टायर बसवले. भिंत १०१ मिलिमीटर झाली. चाकाची एकूण उंची जवळपास तीच राहते, त्यामुळे स्पीडोमीटर चुकत नाही. फक्त ब्रेकचं कॅलिपर (चकतीला आवळणारा भाग) रिमला घासतं का, ते आधी बघून घ्या. मांजरसुंब्याच्या घाटात वळणावर गाडी पूर्वीपेक्षा जराशी मऊ लागते, ते मी आनंदाने सोसतो. तुमची एम३४० असो की दुसरी कुठली, अश्वशक्ती नंतर विचारा, आधी डिकी उघडून स्टेपनी बघा.

परभणी

दवाखाना आणि घर, रोजचं बारा किलोमीटर. गावात लिटरला आठ, हायवेला तेरा. आमच्याकडे पेट्रोल मनमाडहून टँकरने येतं, त्यामुळे भाव राज्यात वरच्या रांगेत असतो. हा हिशेब आधी करा. झाकणाच्या आतल्या बाजूला ९५ ऑक्टेन (पेट्रोल अवेळी पेटू न देण्याचं माप) लिहिलं असेल तर तेही मनावर घ्या. त्याहून कमी ऑक्टेनचं पेट्रोल भरलं की टर्बो इंजिन ठोका (इंधनाचा अवेळी भडका) वाचवायला स्पार्क उशिरा टाकतं आणि ज्या ताकदीसाठी पैसे मोजले तीच कमी होते.

लातूर

दोन दारांची कूपे घेतली आणि वर्षाच्या आत विकली. आईच्या गुडघ्यांना बसकी सीट सोसेना. दार उघडून ती आधी पाठ टेकायची, मग दोन्ही हातांनी एकेक पाय आत ओढून घ्यायची. उतरताना मला म्हणाली, "कशाला त्रास करून घ्यायलास बाबा, मी रिक्षानं जाते की." दुसऱ्या दिवशी गाडी विकायला काढली. अजून वाईट वाटतं, गाडीचंही.

जालना

समृद्धीवर जाणार असाल तर एकच सांगतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. मेमध्ये दुपारी ते सिमेंट तव्यासारखं तापतं, १२० ची मर्यादा पाळूनसुद्धा टायरमधला दाब चढत जातो. आणि जुना टायर, नक्षी कितीही शाबूत दिसली तरी, तिथं नेऊ नका. बगलेवर चार आकडे असतात, टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष.

नांदेड

मी फार हिंडून स्कोडा स्लाव्हियावर आलो, दीड लिटरची. १५० अश्वशक्ती, गाडीचं पोट जमिनीपासून १७९ मिलिमीटर वर. स्पोर्ट्स कार म्हणणार नाहीत लोक, न म्हणोत. काळ्या मातीवरचा आमचा रस्ता दर पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात भेगाळतो आणि डांबर लाटेसारखं उठतं. तिथून आई-वडील मागे बसलेले असताना पोट न घासता ती निघून जाते. रविवारी पहाटे एकटाच अर्धापूरकडे निघतो, रस्ता मोकळा असला की दुसऱ्या गिअरमध्ये जरा जास्त वेळ ठेवतो. संभाजीनगरकर, एकदा इकडे या, चावी देतो. पण परळीच्या वाटेवर सासूबाईंना मागे बसवून एम३४० ची टेस्ट ड्राइव्ह मागा, दहा मिनिटांची नको, पूर्ण दिवसाची.