सल्ला हवाय: गॅलरीच्या जगात करिअर कसं सुरू करावं?

कोरा_कॅनव्हास:
नमस्कार मंडळी, फाइन आर्ट करून झालंय, पेंटिंग चालू आहे, ओळखीपाळखीत चार-दोन चित्रं गेलीपण. आता एका गॅलरीने ग्रुप शोसाठी विचारलंय, पण ते आधी भिंतीचं भाडं मागताहेत आणि वर विक्रीवर ५० टक्के कमिशन. असंच असतं का हे? किंमत कशी लावायची तेही कळत नाही, मी आपली मूड बघून सांगते. घरचे म्हणतात आधी नोकरी बघ, आणि गॅलरीत नोकरी करणाऱ्याला चित्रकार म्हणून कुणी सिरियसली घेत नाही असंही ऐकलंय. जाणकारांनी प्लीज सांगा.

जुनाब्रश:
५० टक्के ऐकून दचकू नकोस, बऱ्याच ठिकाणी तोच रिवाज आहे. जागा, लाइटिंग, ओपनिंग, ग्राहकांमागे लागणं हे सगळं ते करतात आणि चित्र विकलं तरच त्यांना पैसे मिळतात, म्हणून विकायची धडपडही करतात. पण भाडंही घ्यायचं आणि कमिशनही? भाड्यातच कमाई झाली की तुझं चित्र विकलं काय न् राहिलं काय, त्यांना काय फरक पडतो. नको म्हण सरळ.

खडूफळा:
इतकंही टोकाचं नको हो. सुरुवातीला भाडं भरून शो केलेले कितीतरी लोक आहेत, मीही केलाय.

जुनाब्रश:
हॉल भाड्याने घेतलास आणि विक्रीचे सगळे पैसे तुझे, तर तो तुझा धंदा, त्याला माझी ना नाही. इथे दोन्हीकडून कापताहेत.

रेषाताई:
अगं मूड बघून किंमत सांगणं आधी बंद कर, एकाला एक आणि दुसऱ्याला एक सांगितलेलं कळतंच लोकांना. सोपा हिशोब असा की लांबी अधिक रुंदी, गुणिले तुझा दर. चौरस इंचावर दर लावलास तर १० × १० पेक्षा ४० × ४० चं चित्र एकदम १६ पट महाग होतं, बेरजेवर लावलास तर ४ पट, नवीन माणसाला हेच झेपतं. दर हळूहळू वाढव, खाली मात्र आणू नकोस, कारण आधी घेतलेला माणूस नाराज होतो. आणि गॅलरीत जी किंमत तीच स्टुडिओत. इन्स्टावर गुपचूप अर्ध्या किमतीत दिलंस तर गॅलरी परत उभं करणार नाही.
दुसरं म्हणजे कन्साइनमेंट (चित्र गॅलरीकडे विकायला ठेवण्याच्या) अ‍ॅग्रीमेंटशिवाय चित्र घराबाहेर काढायचं नाही. चित्रांची यादी, किंमत, विकल्यावर किती दिवसांत पैसे, इन्शुरन्स कुणाचा, न विकलेलं कधी परत, सगळं लेखी. डिस्काउंटचं तर हमखास विसरतात लोक. १०० चं चित्र ९० ला दिलं आणि सूट निम्मीनिम्मी वाटली तर तुला ४५, सगळी तुझ्या वाट्यातून कापली तर ४०. हे आधी बोलून घ्यायचं.

पिक्सेलपंत:
२०२० नंतरही गॅलरी गॅलरी काय करताय? डेमियन हर्स्ट या ब्रिटिश कलाकाराने २००८ मध्ये गॅलऱ्यांना बाजूला ठेवून थेट सदबीज या लिलाव कंपनीच्या लिलावात नवीन काम विकलंच की.

जुनाब्रश:
पंत, तोवर बड्या गॅलऱ्यांनी त्याचं नाव वर्षानुवर्षं मोठं केलेलं होतं, मग बाजूला ठेवता आलं. आपल्याला आधी कुणी ओळखायला तर हवं. ऑनलाइन विकायला माझी हरकत नाही, फक्त किंमत एकच ठेवा.

खिळा_आणि_फ्रेम:
नोकरीबद्दल मी बोलतो, गॅलरीत मागच्या बाजूला काम करतो. नोकरी म्हणजे फक्त फ्रंट डेस्कवर बसून हसणं नव्हे. रजिस्ट्रार असतो, तो कुठलं चित्र कुठे आहे ते सांभाळतो, आर्ट हँडलर पॅकिंग आणि टांगणं बघतो, शिवाय सेल्स, आर्काइव्ह. पॅकिंगची पेटी उघडली की आम्ही आधी कंडिशन रिपोर्ट करतो, चारी कोपरे, कडा, मागची बाजू, तिरपा टॉर्च मारून रंगाला तडा आहे का, सगळ्याचे फोटो. बऱ्याच चित्रकारांच्या कॅनव्हासमागे काही लिहिलेलंच नसतं!! नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम, माप एवढं तरी लिहा रे बाबांनो. सिरियसली घेत नाहीत वगैरे सोडून दे, अँडी वॉरहॉलसारखा जगप्रसिद्ध अमेरिकन चित्रकारसुद्धा १९५० च्या दशकात जाहिरातींसाठी बुटांची चित्रं काढायचा. फक्त कामावर असताना मालकाच्या ग्राहकांना स्वतःची चित्रं दाखवत बसू नकोस, त्यात नोकरी जाते आणि बोभाटा होतो तो वेगळाच.

रेषाताई:
खिळा +१. आणि गॅलरीला ईमेल टाकण्याआधी ते कुणाचं, कसलं काम दाखवतात ते दोनचार शोंना जाऊन बघ. अमूर्तवाल्यांना पोर्ट्रेट पाठवून उत्तराची वाट बघण्यात काय अर्थ आहे.

कोरा_कॅनव्हास:
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, यादी करायला घेतलीय आणि मागे नावं पण लिहिते आजच. त्या गॅलरीला फोन करून अ‍ॅग्रीमेंटचं विचारलं, म्हणाले आमच्याकडे सगळं तोंडीच चालतं, विश्वासावर.

जुनाब्रश:
आणि भाडं? तेही विश्वासावर का?

कोरा_कॅनव्हास:
नाही, ते अ‍ॅडव्हान्स 😅 कळवते त्यांना नाही म्हणून.