काहीच घडत नाही तरी ॲनिमे बघत का बसतो आपण?

राजवाडा_नाईट
धाकटी बहीण सध्या के-ऑन नावाचं ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून सिरीज, बघून राहिली आहे. मी शेजारी मोबाईल घेऊन बसतो अन् बघता बघता माझे पण बरेच एपिसोड झाले. पोरी बँडच्या प्रॅक्टिसला जमतात, चहा पितात, केक खातात, झाला एपिसोड. मी डेथ नोट, ॲटॅक ऑन टायटन वाला माणूस, मला सारखं वाटतं आता कोणीतरी मरेल, निदान भांडतील तरी, काही नाही भिया. बरं बोर झालो म्हणावं तर उठलो पण नाही. यात आहे काय नेमकं?

टिळकनगरची_ताई
अरे, त्या सिरीज आल्या कुठून ते बघ ना. अझुमांगा दायओ, लकी स्टार, के-ऑन, तिन्हींचा मूळ मांगा (जपानी कॉमिक) योनकोमा, म्हणजे उभ्या चार चौकटींची पट्टी. पहिलीत सुरुवात, दुसरीत पुढे, तिसरीत गाडी भलतीकडेच वळते, चौथीत संपलं. त्यामुळे मोठी स्टोरी नसली तरी दर थोड्या वेळाने काहीतरी पूर्ण होत असतं, तू उठला नाहीस तो म्हणून. लकी स्टारच्या (2007) पहिल्याच एपिसोडमध्ये चॉकलेट कॉर्नेट (चॉकलेट भरलेला शंकूसारखा पाव) कुठल्या टोकाने खायचं यावर केवढी चर्चा आहे, कामाचं एक अक्षर नाही, पण तेवढ्यात कोण कशी आहे ते कळून जातं. आपल्या ओटल्यावर संध्याकाळी दुसरं काय चालतं?

छप्पन_का_छोरा
ताई, ओटल्यावर मला पण बोलायला मिळतं, इथे दुसऱ्यांच्या गप्पा मी गप बसून का ऐकू 😄 के-ऑन मला नाही झेपलं, सगळंच गोड गोड. पण निचिजोऊ बघ, के-ऑनवाल्या क्योटो ॲनिमेशन स्टुडिओचंच, 2011 चं. डब्यातला एक सॉसेज खाली पडतो अन् युको नावाची पोरगी तो पकडायला जाते, बस एवढंच, पण ते असं काढलंय जसं काही जग बुडून राहिलं आहे. प्रिन्सिपल हरणाशी कुस्ती खेळतो, हरणाला उचलून मागे आपटतो, मी तर लोळलो. अन् युको कॉफी शॉपमध्ये जाते, साइझची नावं कळत नाहीत, शेवटी हातात एवढासा एस्प्रेसो येतो. आमच्या काकांचा कॅफेतला चेहरा सेम टू सेम. इतकी फालतू गोष्ट अन् तिच्यावर इतकी मेहनत, जोक तोच आहे.

सराफा_अकरानंतर
काहीच घडत नाही हे मला पटत नाही. दिवस जातात ना त्यात. अझुमांगामध्ये शाळेची तीन वर्षं सरतात, के-ऑनच्या दुसऱ्या सीझनला (2010) चौघी ग्रॅज्युएट होतात अन् बँडमधली पाचवी, अझुसा, एक वर्ष मागे असल्यामुळे एकटी क्लबात राहते. तिथे मी रडलोय, सरळ सांगतो. आधी इतका टाइमपास बघितलेला असतो म्हणूनच ते लागतं, नाहीतर चार पोरी शाळा सोडून गेल्या यात रडण्यासारखं काय आहे. टायटनवाल्यात कोणी मेलं तर आपण तयारच असतो, इथे बेसावध पकडतात.

राजवाडा_नाईट
ताई, चार चौकटींचं पटलं, आता ते कट कुठे होतात तेच दिसून राहिलंय. निचिजोऊ आज रात्री लावतो. पण सराफावाले भाऊ, तुम्ही शेवट सांगून टाकला हो! बहीण मागे उभी राहून वाचत होती, तिचा दुसरा सीझन अर्धाच झालाय. आता माझ्याशी बोलत नाहीये.