पेगी ॲशक्रॉफ्ट : ७७ व्या वर्षी ऑस्कर, मग त्याआधीची कीर्ती कशावर उभी होती?

प्रश्न : वाचनकट्टा, जळगाव

नमस्कार. आमच्या वाचनकट्ट्याच्या पुढच्या बैठकीत मला ब्रिटिश अभिनेत्री पेगी ॲशक्रॉफ्ट यांच्यावर अर्धा तास बोलायचे आहे. डेव्हिड लीन यांच्या १९८४ च्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ या चित्रपटात मी त्यांना प्रथम पाहिले. रात्रीच्या वेळी मशिदीत डॉक्टर अझीझला भेटणारी आणि त्याने हटकण्याआधीच पायांतले जोडे बाहेर काढून आलेली मिसेस मूर माझ्या मनातून गेली नाही. या भूमिकेसाठी त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले, तेव्हा त्या ७७ वर्षांच्या होत्या. माझी अडचण अशी की त्यांच्या चित्रपटांची यादी काढायला बसलो तर ती इतक्या मोठ्या नावाच्या मानाने तोकडी निघते, आणि तरीही १९५६ सालीच त्यांना ‘डेम’ हा किताब मिळालेला दिसतो. ही कीर्ती नेमकी कशाची होती, आणि केळीच्या भावाची चर्चा अर्धवट सोडून बैठकीला येणाऱ्या आमच्या मंडळींना ती कुठून सांगायला सुरुवात करावी, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : जुना प्रेक्षक, धुळे

आपण यादी चुकीच्या खणात शोधत आहात, असे नम्रपणे सुचवतो. या बाईंचे खरे आयुष्य रंगमंचावर गेले आणि कॅमेऱ्याच्या वाट्याला प्रामुख्याने त्याची अखेर आली.

त्यांचा जन्म २२ डिसेंबर १९०७ रोजी लंडनजवळच्या क्रॉयडन येथे झाला. एल्सी फोगर्टी यांच्या नाट्यशाळेत शिकून १९२६ साली त्यांनी बर्मिंगहॅममध्ये व्यावसायिक रंगभूमीवर पाऊल ठेवले. १९३५ साली लंडनच्या न्यू थिएटरमध्ये जॉन गिलगुड यांनी बसवलेल्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये त्या ज्युलिएट होत्या. त्या नाटकात गिलगुड आणि लॉरेन्स ऑलिव्हिए हे दोघे रोमिओ आणि मर्क्युशिओ या भूमिका आपसांत आलटून-पालटून करत, दाईच्या भूमिकेत एडिथ इव्हान्स होत्या आणि त्याचे १८० हून अधिक प्रयोग झाले. रोमिओ बदलला तरी ज्युलिएट तीच राही. समोरचा नट एकदा कवितेची लय सांभाळणारा आणि एकदा ती मोडून बोलणारा असताना स्वतःचा सूर ढळू न देणे किती कठीण असेल, हे ज्याने हौशी का होईना, पण नाटकात काम केले आहे त्याला चटकन कळेल.

त्याच वर्षी हिचकॉक यांच्या ‘द थर्टी नाइन स्टेप्स’मध्ये त्या काही मिनिटे दिसतात. संशयी नवऱ्याच्या धाकात दिवस काढणारी स्कॉटलंडमधील एक तरुण शेतकरीण पळून चाललेल्या नायकाला नवऱ्याचा कोट देते, आणि त्या कोटाच्या खिशातले स्तोत्रांचे पुस्तक पुढे बंदुकीची गोळी अडवते. शहरातल्या गोष्टी विचारताना त्या बाईच्या चेहऱ्यावर जी भूक दिसते, ती पाहिल्यावर चित्रपटसृष्टीने यांना आणखी का बोलावले नाही, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

पण आपल्याला एकच काम दाखवायचे असेल तर ‘द वॉर्स ऑफ द रोझेस’ दाखवा. पीटर हॉल आणि जॉन बार्टन यांनी शेक्सपिअरच्या सहाव्या हेन्रीवरील तीन नाटके आणि ‘रिचर्ड द थर्ड’ यांची जुळणी करून १९६३ साली स्ट्रॅटफर्ड येथे हा प्रचंड खेळ उभा केला. त्यात पंचावन्न वर्षांच्या ॲशक्रॉफ्ट सहाव्या हेन्रीची राणी, फ्रान्समधील अंजू घराण्यातली मार्गारेट, हिच्या रूपात कोवळ्या राजवधूपासून सुरुवात करत आणि सर्वस्व गमावून शाप देत हिंडणाऱ्या म्हातारीपर्यंत पोहोचत. बीबीसीने त्याचे चित्रीकरण करून ठेवले, हे आपले भाग्य. बालगंधर्वांच्या सुभद्रेच्या बाबतीत आपल्याकडे तेवढेही झाले नाही. ध्वनिमुद्रिकांतून गळा राहिला, पण रंगमंचावरची सुभद्रा गेली ती गेलीच.

उत्तर : नेपथ्य, भुसावळ

वरील उत्तरात १९३० चा ‘ऑथेल्लो’ राहून गेला, म्हणून थोडी भर घालतो. लंडनच्या सॅव्हॉय थिएटरमध्ये ऑथेल्लोच्या भूमिकेत कृष्णवर्णीय अमेरिकन गायक-नट पॉल रोबसन होते आणि त्यांची डेस्डेमोना होती बावीस वर्षांची पेगी. कृष्णवर्णीय पुरुषाने गोऱ्या मुलीला रंगमंचावर जवळ घ्यावे, हे त्या काळी अनेकांना रुचले नाही आणि पेगींना द्वेषाने भरलेली पत्रे आली. आपल्याकडे देवलांच्या ‘झुंजारराव’ने ऑथेल्लो फार आधी मराठीत आणला होता, पण तिथे वर्णाचा हा काटा लंडनइतका बोचला नसावा, असे माझे मत आहे. पुढे आयुष्यभर त्या सार्वजनिक प्रश्नांवर स्पष्टपणे बोलत राहिल्या, त्याचे मूळ मला या अनुभवात दिसते.

उत्तर : एक वाचक, अमळनेर

बालगंधर्वांशी केलेली तुलना मला पुरती पटत नाही. बालगंधर्व हे नाटक कंपनीचे केंद्र होते. ॲशक्रॉफ्ट यांची ओढ नेमकी उलट दिशेची होती. एका नटाभोवती फिरणाऱ्या नाटकापेक्षा वर्षानुवर्षे एकत्र काम करणारा संच त्यांना हवा होता. म्हणूनच गिलगुड यांच्या १९३७-३८ च्या हंगामात त्या होत्या, आणि पीटर हॉल यांनी १९६१ च्या सुमारास रॉयल शेक्सपिअर कंपनीची उभारणी केली तेव्हा, नाव आणि किताब दोन्ही गाठीशी असताना, त्यांनी दीर्घ मुदतीचा करार करून त्या नव्या संस्थेला आपले वजन दिले. बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव हिंडलेल्या आपल्या जुन्या नाटक मंडळ्यांचे मोल ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या निर्णयाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. वाट पाहत राहिलेल्या आणि उशिरा यश मिळालेल्या अभिनेत्रीची गोष्ट कृपया सांगू नका. नॉर्वेचे नाटककार इब्सेन यांची नायिका हेडा गाब्लर त्यांनी नॉर्वेत जाऊन केली तेव्हा तिथल्या राजाने त्यांना पदक दिले होते, आणि ऑस्कर त्यानंतर तीस वर्षांनी आले.

उत्तर : सातपुडा, रावेर

दादा, सुरुवात कुठून करावी, एवढ्यापुरतेच लिहितो. ज्या कादंबरीवरून तो चित्रपट झाला, त्या १९२४ सालच्या फॉर्स्टर यांच्या कादंबरीत मिसेस मूर मायदेशी परतण्यासाठी आगगाडीने मुंबईकडे निघते आणि सूर्यास्ताच्या वेळी तिला खिडकीतून असीरगड दिसतो. किल्ल्याचे बुरूज आणि त्यांच्या उजवीकडे मशीद. दहा मिनिटांनी वळसा घेऊन गाडी येते तेव्हा गड पुन्हा समोर, पण मशीद आता डावीकडे. असीरगड म्हणजे फारुकी सुलतानांच्या खानदेशाचा दरवाजा, जो अकबराने १६०१ साली घेतला. तिथून ती गाडी बुऱ्हाणपूर, भुसावळ, जळगाव, चाळीसगाव अशीच खाली उतरली असणार, मग लेखकाने ही नावे घेतलेली नसोत. मुंबईहून सुटलेल्या बोटीवर, समुद्रातच तिचा अंत होतो. म्हणजे हिंदुस्थानच्या भूमीवरच्या तिच्या शेवटच्या प्रवासातला एक पट्टा आपल्या दारावरून जातो. मंडळींना आधी हा किल्ला दाखवा, मग ती बाई साकारणारी नटी.

एक गोष्ट अवश्य सांगा. त्याच १९८४ साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवर आलेल्या ‘द ज्युएल इन द क्राऊन’ या चौदा भागांच्या मालिकेतही त्या होत्या. तिथे त्यांनी बार्बी बॅचलर ही निवृत्त मिशनरी शिक्षिका केली. मिसेस मूर थकून गप्प होत जाते, तर बार्बी कुणी ऐकत नसतानाही बोलत राहते. हिंदुस्थानात एकट्या पडलेल्या दोन म्हाताऱ्या इंग्रज बायका, पण एकीची सावली दुसरीवर पडत नाही.

प्रश्नकर्ता : वाचनकट्टा, जळगाव

सर्वांचा आभारी आहे. असीरगडाचा उतारा प्रथम वाचून दाखवीन, नंतर मार्गारेटचे तरुणपणचे आणि म्हातारपणचे असे दोन तुकडे दाखवीन आणि ऑस्करचा उल्लेख एका वाक्यात उरकीन. विंध्याच्या घाटातून उतरणारी ती आगगाडी आमच्या श्रोत्यांना नक्की आवडेल.

उत्तर : सातपुडा, रावेर

फॉर्स्टर साहेबांनी विंध्य लिहिले आहे हे खरे, पण असीरगड सातपुड्यात आहे. बैठकीत रावेरकडचा कुणी असेल तर तो तुम्हाला पुढचे वाक्य बोलू देणार नाही.