शब्दचर्चा: ‘कॉन्फ्लिक्ट रिझोल्यूशन’ला मराठीत काय म्हणाल?

घंटाळीकर: शनिवारी नौपाड्यात ज्येष्ठांच्या कट्ट्यावर ‘दहशतवाद आणि कॉन्फ्लिक्ट रिझोल्यूशन’ यावर बोलायचंय. ‘संघर्ष निराकरण’ तोंडात बसत नाही. घरी ‘तडजोड’ म्हणून पाहिलं तर सासरे उखडले. २६/११ ला ते सीएसटीहून सव्वानऊच्या सुमाराची ठाणे लोकल पकडून घरी आलेले. “कोणाशी तडजोड?” एवढंच म्हणाले नि पेपर उघडला.

वाशीवाली: बरोबरच आहे त्यांचं. तडजोड म्हटली की आपण काय सोडलं तेच आधी दिसतं. ‘मांडवली’ तर नकोच, तो भाईलोकांचा शब्द. ‘तोडगा’ चालेल? मुळात तोडगा म्हणजे दुखण्यावरचा गावठी उपाय, उतारा वगैरे. आणि हिंदीतल्या आतंकवादातला ‘आतंक’ संस्कृतात रोग या अर्थानेही येतो. जोडी जमते की!

कोपरीकर: खरं घोडं अडतं ते शस्त्रांपाशी. उत्तर आयर्लंडचा गुड फ्रायडे करार एप्रिल १९९८ चा, पण आयआरए या तिथल्या सशस्त्र संघटनेची शस्त्रं निकामी झाल्याचं जाहीर व्हायला सप्टेंबर २००५ उजाडलं. शरणागती हा शब्द त्यांना नको होता, शस्त्रं ‘वापराबाहेर’ ठेवू म्हणाले. आपल्याकडे तयार आहे: तलवार म्यान करणे. गडचिरोलीच्या बातम्यांत मात्र कायम ‘आत्मसमर्पण’.

वाशीवाली: अहो, म्यानातली तलवार पुन्हा उपसता येते! आयर्लंडमध्ये कॅनडाच्या एका निवृत्त जनरलचा आयोग नेमला होता, शस्त्रं कायमची निकामी झाल्याची खातरजमा त्याने केली. ‘मोडीत काढली’ म्हणा.

कोपरीकर: मान्य, मोडीत. आता मिझोराम. १९६६ चं बंड, करार ३० जून १९८६ ला, आणि बंडाचे नेते लालडेंगा मुख्यमंत्री. याला मी ‘समेट’ म्हणेन. करार वेगळा. पंजाबचा करार जुलै १९८५ चा; सही करणारे अकाली नेते संत लोंगोवाल महिन्याभरात मारले गेले. कागद झाला, समेट राहूनच गेला.

घंटाळीकर: मग ‘दहशतवाद: तोडगा आणि समेट’ असं ठेवते. सासऱ्यांना वाचून दाखवलं. मिझोरामपर्यंत मान हलवत होते. मग म्हणाले, “समेटाला समोर काहीतरी मागणारा लागतो. त्या रात्री सीएसटीवर कोण काय मागत होतं?” याला शब्द सुचला तर शुक्रवारपर्यंत कळवा.